'वखर'ची शेवटची आरोळी

पन्नाशी ओलांडलेली चार माणसं एका गोडाऊनमध्ये वाद्यं घेऊन बसली, की गाणी कमी आणि किस्सेच जास्त निघतात. आमच्या अल्बममध्ये गाणी सातच आहेत. किस्से मात्र इतके साठलेत, की दुकानात कोणी पावशेर खिळे घ्यायला आला तरी एखादा ऐकवल्याशिवाय मी पुडी बांधत नाही!

आमच्या हार्ड रॉक बँडचं नाव 'वखर'. ढेकळं फोडतो म्हणून वखर! कॉलेजात सुरू केला होता. गायला शंकरभाऊ, धनजचे शेतकरी. ड्रमवर बबन, त्याची कामरगावात पिठाची चक्की. लीड गिटारवर सुभाषशेठ, धान्याचे व्यापारी. आणि बेसवर मी, हार्डवेअरवाला. एकेकाची लग्नं झाली आणि बँड बसला तो बसलाच.

तीस वर्षांनी बबनची भाची ऋता पुण्याहून साउंड शिकून आली आणि म्हणाली, "मामा, तुमचा अल्बम मी करते. पण साउंड मॉडर्न पाहिजे हं!"

बबन म्हणाला, "होऊ दे मॉडर्न. आमाले जुना तरी कुठं येत होता!"

खरी धाकधूक वेगळीच होती. आमचं 'ढेकूळ' नावाचं गाणं शंकरभाऊंच्या लांबलचक आरोळीवर संपतं. कॉलेजच्या गॅदरिंगला त्या आरोळीनं प्राचार्यांच्या हातातला चहा त्यांच्याच पॅन्टवर सांडला होता. लोक आम्हाला ओळखायचे ते त्या आरोळीमुळे. आता बावन्नाव्या वर्षी ती निघेल का, हे कोणी बोलून दाखवत नव्हतं.

*

ऋताला आवाज न घुमणारी खोली हवी होती. सुभाषशेठनी आपल्या गोडाऊनच्या चारी भिंतींना छतापर्यंत सोयाबीनचे कट्टे, म्हणजे भरलेली पोती, लावले. टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता! चार गाणी झकास झाली.

पाचव्या दिवशी येऊन पाहतो तर भिंती उघड्या. रात्रीतून भाव चढला आणि आमचं साउंडप्रूफिंग ट्रकमध्ये बसून निघून गेलं!

"भाव आला तं द्याच लागते ना बापा," सुभाषशेठ म्हणाले. "गाणं काय, उद्याबी होते."

ऋतानं कपाळाला हात लावला आणि तसंच रेकॉर्डिंग सुरू केलं. रिकाम्या गोडाऊनमध्ये बबनचा ड्रम असा काही घुमला, की ती उडालीच. सुभाषशेठना म्हणाली, "काका, असा साउंड मिळवायला लोक स्टुडिओ शोधत फिरतात!"

सगळे खुश. एकटे शंकरभाऊ तोंड पाडून बसलेले. काय झालं विचारलं, तर म्हणाले, "मी माहं सोयाबीन मागच्याच हप्त्यात इकलं ना बे!"

*

मॉडर्न रेकॉर्डिंगमध्ये ड्रमवाल्याच्या कानात हेडफोन असतो आणि त्यात एकसारखी टिकटिक चालू असते. त्या टिकटिकीवर वाजवायचं. बबननं आयुष्यभर चक्कीच्या पट्ट्याच्या आवाजावर ठेका धरलेला. पहिल्या टेकला तो पुढे निघून गेला. दुसऱ्यालाही. तिसऱ्यांदा त्यानं हेडफोन काढून भाचीच्या हातात दिला.

"बाई, हे तुहं मशीन दुकानात दाखवून आण. सारखं मांगं पडून राह्यलं!"

*

सुभाषशेठनी आपला जुना अ‍ॅम्प्लिफायर जपून ठेवला होता. त्याचं वजन भरल्या कट्ट्याएवढं. कारंज्याच्या घरून तो काळीपिवळी जीपमध्ये टाकून आणला. त्याला मांडीवर घेणं शक्य नव्हतं, म्हणून ड्रायव्हरनं त्याचं दोन सीटचं भाडं घेतलं.

ऋता म्हणाली, "काका, याची गरज नाही. असे पन्नास अ‍ॅम्प्लिफायर माझ्या लॅपटॉपमध्ये आहेत."

सुभाषशेठ लॅपटॉपकडे बघतच राहिले. मग रुमालानं अ‍ॅम्प्लिफायर पुसला आणि त्याच्यावर बसून अख्खा अल्बम वाजवला. वर हट्ट असा, की अल्बमवर त्याचंही नाव यायला पाहिजे. आलंय! 'अ‍ॅम्प्लिफायर: बसण्यासाठी.'

*

शेवटी 'ढेकूळ'ची पाळी आली. शंकरभाऊंनी तीनदा आरोळी दिली आणि तिन्ही वेळा आवाज मधेच फाटला. कोणी हसलं नाही.

घरी बायकोला म्हणाले, "आता माह्याच्यानं ओरडणं होत नाही."

वहिनी म्हणाल्या, "काल भाजीत मीठ नव्हतं, तवा तं मस्त होत होतं!"

इकडे ऋतानं माझ्याकडची गॅदरिंगची जुनी कॅसेट मिळवून त्यातली तरणी आरोळी साफसूफ केली आणि गाण्याला जोडली. जोड कुठे आहे तेही कळेना. "काका, आता तुम्हाला ओरडायची गरजच नाही!"

पोरीचा हेतू चांगला होता. पण शंकरभाऊंचा चेहरा उतरला. जेवणाचा डबा तसाच ठेवून ते उठले, दारापर्यंत गेले आणि वळले.

"हरभऱ्यात रोही शिरून राह्यले. त्यायच्यासाठी वावरात भोंगा लावला आहे. उद्या त्याच्यावर हे वाजवू. रोही पळाले तं अल्बमात हेच टाका, मी काही म्हणत नाही."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही सगळे धनजच्या शिवारात, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर उभे. हरभऱ्यात पाच रोही, म्हणजे नीलगायी, घोड्याएवढे उंच, निवांत चरत होते. ऋतानं आपला रेकॉर्डर चालू केला आणि भोंग्यावर आरोळी लावली. तीस वर्षांपूर्वीची, प्राचार्यांचा चहा सांडणारी!

एका रोह्यानं मान वर केली, आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा हरभऱ्यात तोंड घातलं.

आवाज वाढवला. तर बाकीचे चार आणखी जवळ आले!

बबन म्हणाला, "शंकऱ्या, हे तं तुहे जुने फॅन दिसून राह्यले बे!"

शंकरभाऊंनी गळ्यातला मफलर काढून माझ्या हातात दिला. चार पावलं पुढे गेले. छाती भरून श्वास घेतला आणि...

अल्बम निघालाय. 'ढेकूळ' शेवटपर्यंत ऐका, मध्येच बंद करू नका. आधी भोंगा ऐकू येतो. मग आरोळी, खरखरीत, जाड आणि थांबता न थांबणारी. मग खुरांचा धडधडाट, दूर दूर जाणारा. मग क्षणभर काहीच नाही.

आणि मग नाल्यापलीकडच्या वावरातून एक आवाज, "शंकरभाऊ! उद्या आमच्या इकडे येता का?"