देव्हाऱ्यातलं पिस्तूल

ती केस आठवली की माझं डोकं आजही तापतं. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, रक्तदाबाची गोळी रोज घेतो, डॉक्टर म्हणतात जुनं उकरत बसू नका. पण काही गोष्टी उकराव्या लागत नाहीत, त्या आपोआप वर येतात. नाव मी कुणाचंच सांगणार नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, आणि त्यांनी ओळखावंच असं मला वाटतं.

वडिलांच्या नोकरीमुळे मी शाळकरी वयात साताऱ्याहून अटलांटाला आलो. पुढे पोलिसात भरती झालो, तेव्हा आई कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलली नाही. अटलांटाजवळच्या अल्फारेटा उपनगराच्या आसपासच माझी सगळी नोकरी झाली, शेवटची बरीच वर्षं डिटेक्टिव्ह म्हणून. माझ्या डोळ्यांदेखत तिथली कुरणं गेली, ऑफिसं आली आणि त्यांच्यामागून पुण्या-नागपूरची माणसं आली. खात्यात मराठी बोलणारा मी एकटा, त्यामुळे आपल्या माणसाच्या घरी काही घडलं की फाईल माझ्या टेबलावर यायची. बहुतेक वेळा प्रकरण किरकोळ असायचं. दारातून पार्सल उचललं, शेजाऱ्याच्या कुत्र्यावरून भांडण झालं, असलं काहीतरी.

ही फाईल दसऱ्यानंतरच्या बुधवारी आली. तक्रारदार सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, मूळचा पुण्याचा, इथलं नागरिकत्व घेतलेला. बेडरूमच्या ड्रॉवरमधून पिस्तूल गेलं, अशी तक्रार. आजकाल बहुतेक पिस्तुलांचा सांगाडा प्लास्टिकचा असतो, हलका आणि स्वस्त. हे जुन्या घडणीचं होतं. अख्खं पोलादी, निळसर काळ्या झिलईचं, मुठीला चौकड्यांची नक्षी कोरलेलं लाकूड. उन्हाळ्यातच त्याने ते हौसेने विकत घेतलं होतं. त्याची ही हौस मला कळत होती, कारण भरती झालो तेव्हा माझ्याही पट्ट्याला धातूचंच पिस्तूल होतं. हातात घेतलं की भरीव वाटतं आणि उडवताना कमी हिसका देतं. पण दिवसभर वागवलं की कंबरेचा काटा ढिला होतो, आणि जॉर्जियाच्या दमट हवेत आठ दिवस तेल दिलं नाही की लगेच गंजतं. असं शस्त्र सांभाळणं म्हणजे दुभतं जनावर सांभाळण्यासारखं. रोज लक्ष देणार असाल तर ठेवा, नाहीतर त्या फंदात पडू नका.

या गृहस्थांना मात्र लक्ष देण्यापेक्षा दाखवण्यात रस होता. आमच्या राज्यात कायद्याने पात्र असलेल्या माणसाला पिस्तूल बाळगून हिंडायला परवानाही लागत नाही. म्हणून हे कोथिंबीर आणायलासुद्धा कमरेला पिस्तूल लावून जात.

संशय कुणावर, असं तक्रार घ्यायला गेलेल्या पोलिसाने विचारलं तेव्हा उत्तर तयारच होतं. घर साफ करायला पंधरवड्याला एक बाई यायची, ग्वाटेमालाची. सणाआधीच्या गुरुवारी ती येऊन गेली होती. "शी इज द ओन्ली आउटसायडर," असं त्या रिपोर्टात लिहिलेलं होतं. खात्री पटावी म्हणून गृहस्थांनी पिस्तुलाची पेटी आणि जादाचं मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायचं पोलादी खोकं, स्वतःहून पोलिसाच्या हवाली केलं होतं. त्यावर गंजाचे डाग आहेत, अशी नोंद पोलिसाने केली होती.

फाईल माझ्याकडे पोचेपर्यंत त्या बाईला रस्त्यात अडवून झालं होतं. गाडीत पिस्तूल मिळालं नाही, पण तिच्याकडे गाडी चालवायचं लायसन्सही नव्हतं. या देशात राहायचे कागद नसलेल्याला इथे लायसन्स मिळत नाही, आणि गाडी चालवल्याशिवाय कामावर जाता येत नाही. तिची रवानगी थेट तुरुंगात झाली.

मी तिला तिथे भेटलो, सोबत दुभाषी होता. चोर मी आयुष्यभर पाहिले आहेत. चोर आधी पुरावा काय आहे याचा अंदाज घेतो. हिने मला पिस्तुलाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. ड्रॉवर उघडायची आपल्याला मनाई आहे आणि आपण तो कधी उघडला नाही, एवढं ती सरळ बोलली. मग तिने एकच गोष्ट तीन-तीनदा विचारली. मुलगी शाळेतून येईल तेव्हा घरात कोण असेल? मी तिच्या बहिणीला फोन लावून दिला. त्यापलीकडे मला काहीच करता आलं नाही. तुरुंगात नाव चढलं की ते इमिग्रेशनवाल्यांना कळवलं जातं, आणि ते मला थांबवता येणार नव्हतं. ते यायच्या आत ही तक्रार खोटी ठरली, तर आणि तरच काही आशा होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात फोन आला. वयस्कर बाईचा आवाज, शुद्ध पुणेरी मराठी, मागे नळ सोडलेला. बोलणं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून लोक नळ सोडतात, सगळ्या देशांत सोडतात. "त्या कामवाल्या बाईला सोडा. तिने काही घेतलेलं नाही. ते शनिवारी देवापुढं होतं, मी स्वतः त्याच्यावर फूल वाहिलंय," असं म्हणून तिने फोन ठेवला.

मी खुर्चीतून उठलो तो थेट मुद्देमालाच्या खोलीत गेलो. ते मॅगझिन प्लास्टिकच्या पिशवीत होतं. दिव्याखाली धरलं आणि हसावं की रडावं कळेना. त्या डागांना आमचा पोलीस गंज समजला होता. त्याची काय चूक? जुनं पोलाद, तांबूस डाग, दुसरं काय वाटणार! पण खंडेनवमीला आमच्या घरी आजोबांची कुऱ्हाड, विळा आणि वडिलांचा पान्हा पाटावर मांडला जायचा, ते मी पाहिलेलं आहे. ते बोटाने ओढलेलं कुंकू होतं. शेजारी हळद होती, आणि गोळ्या भरायच्या फटीत पिवळसर तांदळाचा एक दाणा अडकला होता.

आता हिशेब सोपा होता. बाई गुरुवारी आली. शनिवारी नवमी-दसरा एकत्र उरकून यांनी पाहुणे बोलावले. पिस्तूल शनिवारी देवापुढे असेल, तर ते गुरुवारी चोरीला गेलेलंच नव्हतं.

गृहस्थांना मी ठाण्यावर बोलावलं. कॅमेरा चालू आहे आणि तुम्ही केव्हाही उठून जाऊ शकता, हे रीतसर सांगितलं. कॉफी दिली. मराठीत बोलायला लागलो तसे ते खुर्चीत सैल झाले. आपला माणूस आहे, सांभाळून घेईल, हा विचार चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होता. हकिगत पुन्हा विचारली तर रिपोर्टातल्याच शब्दांत परत आली. खरं बोलणारा माणूस दुसऱ्यांदा सांगताना अडखळतो, नवं काही आठवतो, आधीचं दुरुस्त करतो. खोट्याचं मात्र पाठांतर झालेलं असतं.

मग मी दसऱ्याचा विषय काढला. पूजेत काय काय मांडलं? लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या, मिक्सर, मुलीचं व्हायोलिन. सोनं म्हणून कुठल्या झाडाची पानं वाटली तेही त्यांनी रंगवून सांगितलं. मी विचारलं, "आणि पिस्तूल?"

"नाही ना सर. ते तर गुरुवारीच गेलं होतं."

"पण गेल्याचं तुम्हाला कळलं मंगळवारी. शनिवारी तुमच्या समजुतीप्रमाणे ते ड्रॉवरमध्येच होतं. घरात एवढं हौसेचं शस्त्र, आणि नेमकं खंडेनवमीला आठवलं नाही?"

घाईघाईत विसरलो असेन, असं काहीतरी ते पुटपुटले. मी पिशवी टेबलावर ठेवली आणि हे काय म्हणून विचारलं. "रस्ट," ते म्हणाले. "ओल्ड पीस आहे सर, इथली ह्युमिडिटी तुम्हाला माहितीये."

"पुन्हा नीट बघा. आणि मागच्या दसऱ्याचं म्हणू नका. तेव्हा हे तुमच्या घरात नव्हतं."

त्यांनी पाहिलं. तांदळाचा दाणा दिसला असावा. पुन्हा बोलले तेव्हा सरचा काका झाला होता. संशयित माणूस नातं जोडायला लागला की समजावं, आता खरं बाहेर येणार.

खरं असं होतं. पूजेनंतर त्यांच्या एका मित्राने पिस्तूल कमरेला खोचून फोटो काढले. मित्र वर्क व्हिसावर. अशा माणसाने बंदूक बाळगणं, थोडेसे अपवाद सोडले तर, फेडरल गुन्हा आहे. हे दोघांनाही माहीत होतं. तरीही यांनी दिलदारपणे सांगितलं की उद्या नेमबाजीच्या रेंजवर जाऊ, तोवर तुझ्याकडे राहू दे. मित्र ते लावून निघाला. पण पोलादाचं वजन आणि साहेबांचा पट्टा फॅशनचा. पँट खाली सरकायला लागली, म्हणून ते काढून गाडीच्या सीटखाली सारलं आणि स्वारी हॉटेलात जेवायला बसली. बाहेर आली तर गाडीची काच फुटलेली, पिस्तूल गायब. आता तक्रार न करावी तर त्या पिस्तुलाने कुणाचा जीव गेल्यास मालक अडकणार, आणि खरी तक्रार करावी तर मित्राचा व्हिसा जाणार. दोघा उच्चशिक्षितांनी मिळून तोड काढली. चोरी खरी ठेवायची, जागा बदलायची आणि चोर आपण पुरवायचा.

"काका, प्लीज. ही हॅज टू किड्स. ग्रीन कार्डच्या लाइनमध्ये इतकी वर्षं उभा आहे यार तो. एका मिस्टेकसाठी सगळं जाईल त्याचं."

"आणि त्या बाईचं?"

"तिला आज ना उद्या जावंच लागणार होतं ना. शी इज इल्लीगल एनीवे."

सगळ्या नोकरीत मी कुणावर हात उचलला नाही. त्या दिवशी तो टेबलाखाली दाबून धरला. खुनी माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्यातले काही रात्रभर रडले आहेत. हा माणूस कॉफीचा कप हातात धरून, शांतपणे, एका आईची किंमत शून्य ठरवून मोकळा झाला होता. घरी देव्हारा, मुलीला व्हायोलिनची शिकवणी, आणि मनात ही घाण.

मी लगेच जबाब टाइप केला, वरिष्ठांची सही घेतली आणि तुरुंगात फोन लावला. चोरीचा संशय कागदावरून पुसला गेला. लायसन्सचा गुन्हा मात्र राहिलाच, आणि तेवढा पुरेसा होता. त्याच सकाळी इमिग्रेशनवाले तिला घेऊन गेले होते. मी त्यांना पत्र पाठवलं, फोन केले, एका वकील बाईंना गळ घातली. जो तो मला सांगत होता की तुमची केस वेगळी, आमची वेगळी. थंडी सुरू झाली तेव्हा तिला ग्वाटेमालाला परत पाठवल्याचं कळलं. मुलगी इथेच मावशीकडे राहिली.

गृहस्थांनी महागडा वकील केला. खोटी तक्रार दिल्याचा गुन्हा हलक्या कलमात बसवून घेतला, दंड भरला आणि पुढच्या गणपतीत आरतीला सगळ्यांच्या पुढे उभे राहिले. मित्राचं प्रकरण मी रीतसर फेडरल खात्याकडे पाठवलं. तिथून कधी काही आलं नाही. समाजातल्या दोन-तीन प्रतिष्ठितांनी मला गाठून सुनावलं की आपल्याच माणसाला कशाला गोत्यात आणलंत, घरातलं घरात मिटवायचं. घर साफ करणारी बाई त्यांच्या हिशेबात घरातली नव्हती, हे मी त्यांना ऐकवलं. तेव्हापासून मला इथल्या मराठी मंडळाचं आमंत्रण येत नाही, आणि त्यावाचून माझं काही अडत नाही.

फोन कुणी केला होता, हे मला मागेच कळलं होतं. पुरवणी जबाबासाठी गृहस्थांच्या घरी गेलो, तेव्हा त्यांच्या सासूबाई चहा घेऊन आल्या. मुलीकडे सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. "साखर चालते ना?" एवढंच त्या म्हणाल्या आणि मी आवाज ओळखला. त्याही समजल्या. मी ते आजवर कुणाला सांगितलं नाही. पुण्याला परतल्यावर त्यांनी एकदा ऑफिसात फोन करून विचारलं, "सुटली का हो ती?" मी खरं सांगितलं. त्यांनी हळूच फोन ठेवला. त्या सबंध गोतावळ्यात तिची चौकशी करणारी ही एकटी म्हातारी.

या केसने मला शिकवलं ते एवढंच. पूजा केल्याने शस्त्राची जबाबदारी टळत नाही, उलट वाढते. ज्याला जुनं, जड, देखणं पिस्तूल बाळगायची हौस आहे त्याने ते जरूर बाळगावं, पण ते कुणाच्या हाती दिलं आणि कुठे हरवलं हे सांगायची छातीही बाळगावी. तेवढी नसेल तर पोळपाट-लाटणं पुजावं.

पुढच्या वसंतात दुसऱ्या गावच्या पोलिसांना एका गाडीत ते पिस्तूल सापडलं. त्याने कुणाचा बळी घेतल्याचं निदान आढळलं नाही. कायद्याने ते मूळ मालकाला परत करणं भाग होतं, आणि ते काम माझ्याच वाट्याला आलं. गृहस्थ आले, सही केली. मूठ दिव्याकडे धरून निरखली. लाकडाच्या नक्षीत, स्क्रूच्या खाचेत तांबूस काहीतरी बसलं होतं. त्यांनी विचारलं, "काका, गंज तर नाही ना चढला?"

मी म्हणालो, "नाही. कुंकू आहे, तुमच्याच घरचं."

त्यांनी त्या खाचेवरून अंगठा फिरवला. आता तरी त्या बाईचं विचारतील, असं मला वाटलं. त्यांनी पिस्तूल पेटीत ठेवलं, झाकण लावलं, थँक यू म्हणाले आणि निघून गेले. हरवलेली वस्तू मालकाला परत मिळाली, अशी नोंद करून मी फाईल बंद केली. ती मुलगी अजून मावशीकडेच आहे.