उजेड मोठा म्हणून जवळ?

पुण्याहून फोन आला तेव्हा मी पहिली पाळी करून पोलादाच्या प्लांटमधून नुकताच घरी आलो होतो. ‘सुजाताताई गेल्या,’ तिचा सहकारी म्हणाला, आणि डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. माझ्या धाकट्या बहिणीचा, सुजाताचा, आजार वर्षभराचा, मनाची तयारी होती. पण ही बातमी आईला सांगायची तयारी कोण करून देणार? आई तांदूळ निवडत होती. मी सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं आणि विचारलं, “कायवरून म्हणतं रे?” फोन कोणाचा, डॉक्टर काय बोलले, सगळं सांगितलं. मग ती रडली. दुसऱ्या घरी अशा वेळी ‘कशावरून’ हा प्रश्न विचित्र वाटला असता, आमच्या घरी तो सुजातानंच रुजवला होता.

प्लांटच्या वसाहतीतल्या, सेक्टर दोनच्या आमच्या क्वार्टरच्या गच्चीवरून संध्याकाळी आकाश अचानक लाल व्हायचं. भट्टीतला वितळलेला मळ, म्हणजे स्लॅग, ओतला की तो उजेड थोडा वेळ टिकायचा आणि विझायचा. सुजाता तेव्हा चौथीत. “खुर्सीपारच्या मागंच हाय, चाल दादा,” म्हणून सायकलच्या कॅरिअरवर चढून बसली. खुर्सीपारच्या वस्तीत पोहोचेपर्यंत उजेड गायब! ज्याला विचारावं तो वेगळ्याच दिशेला हात दाखवी. शेवटी बाबा स्कूटरवर शोधत आले, तापलेलेच.

“मागंच हाय म्हणे! कायवरून?”

“उजेड मोठा होता, बाबा.”

“उजेड मोठा म्हणून जवळ?”

“मंग किती दूर हाय?”

प्लांटच्या कोक ओव्हनवर, म्हणजे कोळसा भाजायच्या भट्ट्यांवर, उमर घालवलेल्या बाबांनी स्कूटर वळवली. “मोजलं नाही कधी मी. बस गाडीवर.”

बाबांचा तो प्रश्न सुजातानं उचलला आणि त्या दिवसापासून घरात कोणाचं काही खरं राहिलं नाही. मावशीनं एक स्थळ आणलं, माणसं चांगली आहेत म्हणाली. “कायवरून?” आमच्या या बाईसाहेबांनी विचारलंच. मावशी पुढच्या चौदा एप्रिलच्या जयंतीपर्यंत आमच्याशी बोलली नाही.

पुढे पुण्यात खगोलशास्त्रज्ञ होऊन सुजातानं पोट भरलं तेही याच प्रश्नावर. दूरच्या आकाशगंगांमध्ये कधी एखादा महाकाय तारा कोसळतो आणि गॅमा किरणांचा प्रचंड झोत काही सेकंदांसाठी चमकून जातो. इतका प्रखर, की जिथले बाकी तारे दिसतही नाहीत तिथून तो कळतो. तो मुळात किती ताकदीचा होता हे समजलं, तर आपल्यापर्यंत पोहोचलेल्या उजेडावरून अंतर काढता येतं. किरणांची ऊर्जा पाहून मूळ ताकद ओळखायची, अशी तिची रीत होती. निकाल सुरेख आला, शोधनिबंध छापायला जाणार होता, बढतीही त्यावरच अडलेली. आणि हिनं स्वतःच तो थांबवला.

आईला तिनं फोनवर समजावलेलं मी ऐकलं आहे. “आई, दगड किलोचा हाय, कायवरून? तर भाजी किलोभर भरली. आन् भाजी किलोभर, कायवरून? तर दगड किलोचा हाय. तसंच झालं माह्यं.” ऊर्जेचा तो नियम बसवतानाच अंतरं गृहीत धरलेली होती, आणि त्याच नियमानं पुन्हा अंतरं मोजली जात होती. आई म्हणाली, “मंग दुसरा दगड आण.” सुजाता खूप हसली... आणि तेच केलं. ज्यांची अंतरं वेगळ्या रीतीनं ठाऊक होती, त्या स्फोट झालेल्या ताऱ्यांशी, म्हणजे सुपरनोव्हांशी, जवळचे झोत ताडून तिनं सगळं पहिल्यापासून मांडलं. बढती दुसऱ्याला मिळाली. मला फार राग आला होता, तिला नाही.

शेवटचं भेटलो तेव्हा ती उशीला टेकून बसली होती, चेहरा उतरलेला, डोळे तसेच खोडकर. नवं उत्तर हाती आलं होतं. पहिल्याइतकं नेमकं नव्हतं, चुकीला जागा जास्त सोडलेली. “आता कोणीबी विचारू दे, दादा,” ती म्हणाली, “मले सांगता येते.” मला माझ्या बहिणीचा अभिमान वाटतो, हे तिला तोंडावर सांगितलं. “कायवरून?” असं तिनं विचारलं नाही. हात धरून बसली.

परवा संध्याकाळी आईसोबत गच्चीवर वाळलेले कपडे काढत होतो. प्लांटकडचं आकाश लाल झालं. “आज लय जवळ वाटून राहिलं,” मी सहज बोलून गेलो.

आईनं हातातली चादर दोरीवर तशीच राहू दिली.

“कायवरून?” ती म्हणाली, आणि त्या उजेडाकडे पाहत माझ्या उत्तराची वाट पाहू लागली.