हवालदार पवारांनी पॅक केलेलं पॅराशूट

परवापर्यंत हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझं दुसरं काही म्हणजे काही लपलेलं नव्हतं.

इथे अमेरिकेत, नोव्हायमध्ये, मला सगळे ‘पॅराशूटवाले काका’ म्हणतात. कुणाकडेही पॉटलक असो, जेवणं झाली की फर्माईश येतेच — काका, ती फौजेतली उडी सांगा ना. मग मी सांगायचो. पॅराशूट उघडायला उशीर झाला, जमीन अंगावर आली, घोटा मोडला, पण गडी वाचला. लोक टाळ्या वाजवायचे. आणि मी, निर्लज्ज, आणखी एक गुलाबजाम घ्यायचो.

उशिरा उघडलं म्हणजे काय, कळतंय ना तुम्हाला? म्हणजे पॅक करणाऱ्याची चूक. ते पॅक केलं होतं हवालदार पवारांनी. आमच्या बटालियनची रीत होती — पॅक करणाऱ्यावर शंका आली, तर त्यानं स्वतः पॅक केलेलं घालून उडी मारून दाखवायची. पवारांनी कुणी सांगायची वाटच पाहिली नाही. माझंच पॅराशूट पुन्हा पॅक केलं, पाठीला बांधलं आणि उडी मारली. मी कुबड्या घेऊन मैदानात उभा. वर ते सुरेख उघडलं. खाली उतरून पवार सरळ माझ्याकडे आले, पाय कसा आहे विचारून गेले. तेव्हा तरी बोलायचं — बोललो का? नाही. चौकशीत काही निघालं नाही, पण जवानांच्या मनात बसलं ते बसलं. त्यांच्या टेबलावरचं पॅराशूट कोणी उचलेना. शेवटी त्यांना रेशनच्या गोदामात टाकलं. तिथूनच रिटायर झाले. आता ते नाहीत.

परवा बटालियनचा इतिहास लिहिणाऱ्यांनी जुन्या लोकांकडून व्हिडिओ मागवले. नात फोन धरून बसली. आधी नेहमीचंच सांगितलं, एका दमात. मग तिला म्हटलं — परत रेकॉर्डिंग लाव.

पॅराशूट वेळेवर उघडलं होतं. जमीन दिसली आणि माझी गाळण उडाली. डोळे मिटले, जुळवून ठेवायचे पाय फाकले. घोटा माझ्यामुळे मोडला. लोक हसतील म्हणून खोटं बोललो.

सांगून झालं आणि इतकं हलकं वाटलं — इतकं, की त्याचीही लाज वाटली.

“आबा, विच वन डू आय सेंड?” नातीनं विचारलं.

“दुसरा. पहिला पुसून टाक.”

दुसऱ्यात त्यांचं पूर्ण नाव घेतलंय — हवालदार गणपत पवार. पॅकिंगमध्ये त्यांचा हात धरणारा आमच्या बटालियनमध्ये कोणी नव्हता.