आतोबांच्या दिव्यांचा खटला

आमच्या आतोबांइतका खरं बोलणारा माणूस अख्ख्या तंजावुरात दुसरा झाला नाही, आणि ते थोडं कमी खरं बोलले असते तर आमच्या नात्यातली निम्मी भांडणं झालीच नसती. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. पाहुणे म्हणून कुठे जेवायला गेले आणि घरच्या बाईंनी कौतुकानं विचारलं, "डांगर पच्चडी कशी झालीय?" की आम्ही सगळे माना डोलवत "झकास, झकास" म्हणायचो. आतोबा मात्र घास सावकाश गिळून, शपथेवर सांगावं तसं सांगायचे, "मीठ विसरलांत. आणि दहीं कालचें नव्हे, परवांचें." मग परतीच्या वाटेवर आत्या त्यांच्याशी बोलायची नाही, आणि आपलं काय चुकलं ते त्यांना कळायचं नाही. आमची मराठी तीनशे वर्षांपूर्वी इकडे आली ती इथलीच होऊन राहिली, त्यामुळे आतोबा 'जाहलें' आणि 'करितों' असं बोलत आणि फारच संतापले की तमिळमध्ये शिरत. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत त्यांच्या संतापाची पायरी लोक भाषेवरून ओळखत.

जन्मभर कोर्टात कारकुनी केलेली. निवृत्त झाले ते फक्त पगारापुरते. कोर्ट त्यांनी घरी आणलं. एकदा आत्याचा वरण वाढायचा डाव हरवला. दुसऱ्या कुणी नवा आणला असता. आतोबांनी घरातल्या झोपाळ्यावर बसून एकेकाला पुढ्यात बोलावलं, कामवाल्या बाईचा जबाब घेतला, माझा घेतला, दारावर आलेल्या कडीपत्तावालीचाही घेतला. आम्ही सगळे निर्दोष ठरत गेलो आणि शेवटी डाव आतोबांच्याच हातात निघाला. चौकशीच्या भरात ते त्यानं पाठ खाजवत होते! दुसऱ्या कुणी हसून सोडून दिलं असतं. आतोबांनी उभं राहून स्वतःविरुद्ध निकाल दिला आणि शिक्षा म्हणून त्या दुपारची कॉफी सोडली. तंजावूरच्या माणसानं दुपारची फिल्टर कॉफी सोडणं म्हणजे काय ते ज्यानं सोडलीय त्यालाच ठाऊक. संध्याकाळपर्यंत ते डोकं धरून बसले होते, पण निकाल फिरवला नाही.

अशा माणसाकडे एक मोटार होती. छत मागे दुमडता येणारी जुनी विलायती गाडी, सायीच्या रंगाची. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवऱ्या मुलाला सूट-बूट चढवून, गळ्यात हार घालून, उघड्या गाडीतून देवळापासून मंडपापर्यंत मिरवत आणतात. पुढे सनईसारखं नादस्वरम, मागे नटलेल्या बायका. याला आम्ही जानवासम म्हणतो. गल्लीतल्या यच्चयावत जावयांनी त्या गाडीत घाम गाळलाय. एका लग्नात तर नवऱ्याला पापनाशमहून आणताना ती रेल्वेच्या फाटकाशी बंद पडली. आतोबांनी बॉनेट उघडून तिथेच चौकशी सुरू केली. मुहूर्ताची घाई असलेल्या वऱ्हाड्यांनी नवऱ्याला सूट-हारासकट टाउन बसमध्ये कोंबलं. अर्ध्या तासानं गाडी सुरू झाली, तेव्हा आतोबा रिकामी, फुलांनी सजवलेली गाडी घेऊन त्या बसच्या मागे हॉर्न वाजवत गावात शिरले. कंडक्टरनं नवऱ्याकडून तिकीट घेतलं नाही, एवढाच काय तो मान राखला.

हा किस्सा मद्रासपर्यंत पोचला होता, आणि तिथूनच सगळं सुरू झालं. आतोबांची एकुलती एक मुलगी सगुणा, तिचं लग्न ठरलं. मुलगा मद्रासला कंप्युटर कंपनीत. तेव्हा नुकत्याच नव्या नव्या गाड्या रस्त्यावर दिसू लागल्या होत्या, बाजार उघडला म्हणून पेपर रोज ओरडत होते, आणि मुलाचे मामा म्हणजे त्या उघडलेल्या बाजाराचं चालतंबोलतं दुकान. त्यांनी येऊन गाडीभोवती एक फेरी मारली, मडगार्डवरच्या दोन छोट्या दिव्यांत वाकून पाहिलं आणि म्हणाले, "हिला मोतीबिंदू झालाय की हो! आम्ही नवी पांढरी गाडी भाड्यानं आणतो."

आतोबा पांढरेफटक पडले. साऱ्या गावचे जावई मिरवले आणि स्वतःच्या लेकीचा नवरा भाड्याच्या गाडीत? शेवटी असा करार झाला की मिरवणुकीच्या दिवशी चार वाजता मामा येतील, दिवे लावून बघतील. सगळे दिवे नीट लागले तर आतोबांची गाडी, नाहीतर पांढरी. सगुणा दाराआड उभी राहून ऐकत होती. ती तंजावुरी चित्रं काढायची. देवाच्या दागिन्यांवर सोन्याचा वर्ख चिकटवायचा, बाजूला खडे बसवायचे. तिच्या बोटांच्या टोकांना सदा सोनं लागलेलं असायचं. त्या दिवशी ती नुसती त्या दिव्यांकडे बघत राहिली.

मिरवणुकीचा दिवस उजाडला. आतोबांनी गाडीला आंघोळ घातली, गंध लावलं आणि दिव्यांचं बटण ओढलं. फट्! फ्यूज गेला. दुसरा घातला. फट्! तिसरा घातला, तोही गेला. गाडीतल्या तारा आतोबांनी स्वतः ओढलेल्या, सगळे दिवे एकाच फ्यूजवर. त्यामुळे एक बिघडला की सगळा अंधार. "शॉर्ट जाहला आहे," आतोबा कपाळाला हात लावून म्हणाले. "कोठें तरी उघडी तार गाडीच्या अंगाला लागते आहे. काल संध्याकाळीं ठीक होतें!"

कोपऱ्यावरचा मेकॅनिक आला. त्यानं डोकं खाजवून तोडगा काढला. फ्यूजच्या जागी जाड तार घालू, संध्याकाळ निघून जाईल. "पोडा!" म्हणजे 'चालता हो', आतोबा तमिळमध्ये कडाडले. संताप थेट वरच्या पायरीला! "फ्यूज हा गाडींतला एकच इमानी नोकर. कांहीं वावगें दिसलें तर जीव देतो. त्याच्या जागीं खोटा साक्षीदार उभा करूं? वाटेंत तारा पेटल्या तर जावई माझा भाजेल, तुझा नव्हे!" मेकॅनिक आल्या पावली परत गेला.

मग कोर्ट भरलं. आतोबांची पद्धत सोपी होती. फ्यूजच्या जागी त्यांनी एक बल्ब जोडला. तो लख्ख पेटला की शॉर्ट अजून आहे. आता गाडीतला एकेक दिवा सोडवत जायचा; ज्याला सोडवल्यावर बल्ब विझेल तो गुन्हेगार. "हा आपला साक्षीदार," बल्बकडे बोट दाखवून ते मला म्हणाले. "ह्याला कोणी पढवूं शकत नाहीं. व्यंकू, तूं ह्याच्यावर नजर ठेव, मी पुकारा करितों." आणि खरंच, पाठीमागच्या दिव्यापाशी उकिडवे बसून त्यांनी हाक दिली, "मागचा डावा दिवा हाजिर हो!" तार सोडवली. मी ओरडलो, "पेटलेलाच आहे!" "निर्दोष! मागचा उजवा!" तोही निर्दोष. नंबरप्लेटवरचा दिवा निर्दोष. पुढचे दोन मोठे दिवे तर इतके निर्दोष की आतोबांनी त्यांची माफी मागितली. तोवर गल्ली गोळा झाली होती. प्रत्येक पुकाऱ्याला पोरं टाळ्या पिटत होती, आत्या मध्येच येऊन "अय्यो, लग्नघर आहे का सर्कस?" म्हणून जात होती, आणि नादस्वरमवाले लवकर येऊन ओट्यावर कॉफी पीत निकालाची वाट बघत होते. "स्टीअरिंगखालची तार आंतून कोठें घासली असेल," असं म्हणून आतोबा सीटखाली उताणे शिरले. त्यांचे फक्त पाय बाहेर. त्या पायांना मी म्हणालो, "आतोबा, मडगार्डवरचे छोटे दिवे राहिलेत."

"तें पाहण्याचें कारण नाहीं," पाय म्हणाले. "सगुणेनें काल रात्रीं स्वतः पुसून ठेविले. तिचा जबाब आहे, ठीक आहेत म्हणून."

सीटखाली त्यांनी तारेचा वीतन् वीत तपासला. साडेतीन वाजले. बाहेर आले तेव्हा डोक्यावर जळमटं, सदऱ्यावर तेल, आणि चेहरा असा की मला हसवेना. "व्यंकू," ते हळू म्हणाले, "पोरीला वचन दिलें होतें रे. तुझा नवरा आपल्याच गाडींत येईल म्हणून." मी पेचकस उचलला आणि त्यांच्या हातात दिला. ते उठले, नाइलाजानं उजव्या मडगार्डपाशी गेले, मागून तार सोडवली. पुकारासुद्धा केला नाही.

बल्ब विझला.

आतोबांनी दिव्याची काच काढली आणि आम्ही दोघं आत बघतच राहिलो. आतल्या गंजलेल्या वाटीला सोन्याचा वर्ख लावला होता! बारीक घोटून, सुरकुती न पडता, कृष्णाच्या मुकुटाला लावतात तसा. बल्ब परत बसवताना वर्खाची एक जीभ आत सरकली होती. ती जिथून वीज येते तिथे टेकली होती आणि वाटीलाही. मोतीबिंदू काढायला गेली आणि पोरीनं अख्खी गाडी आंधळी केली. दुसरा दिवा उघडला, तोही तसाच सजवलेला, नशिबानं नुसता टेकायचा राहिला होता.

सकाळपासून आतोबा गुन्हेगाराला फाशी द्यायच्या गोष्टी करत होते. मी वाट बघत होतो. त्यांनी खिशातून मिशीची कात्री काढली, वर्खाची ती जीभ नाजूक हातानं कापली, दोन्ही बल्बांच्या भोवतीची जागा मोकळी केली. बाकीचं सोनं तसंच ठेवलं. काचा बसवल्या. खरा फ्यूज घातला, बटण ओढलं. सगळे दिवे लागले. मडगार्डवरचे दोन तर समईसारखे पिवळेधमक. गल्लीनं जल्लोष केला. तेवढ्यात मामा आले. सगुणाही दारात आली, हातावर ओली मेंदी, चेहरा भेदरलेला. "काय जाहलें होतें अप्पा?"

आतोबांनी तिच्याकडे पाहिलं. घसा साफ केला. जन्मात ज्यानं पच्चडीबद्दलही खोटं सांगितलं नाही तो माणूस सगळ्या गल्लीदेखत म्हणाला, "उंदीर. तार कुरतडली होती."

त्या संध्याकाळी जावई उघड्या गाडीतून आला. मामासुद्धा पुढच्या सीटवर बसले आणि "दिवे मात्र फर्स्ट क्लास हं!" असं तीनतीनदा म्हणाले. आतोबा ताठ बसून गाडी हाकत होते. दुसऱ्या दिवशी लग्न लागलं, सगुणा मद्रासला गेली, आणि परवा-परवापर्यंत मांडीवर खेळणारी पोर नसलेल्या त्या घरात आतोबांनी बरेच दिवस कुणाचाही जबाब घेतला नाही. दुपारची कॉफी मात्र त्यांनी लग्नानंतर आठवडाभर सोडली होती. का, ते आत्याला कळलं नाही. मला कळलं.

पहिल्या दिवाळीला सगुणा आली. दुपारी ती गाडीपाशी उभी होती, मडगार्डवरच्या काचेतून वाकून आत बघत. मी आणि आतोबा ओट्यावर. तिनं मान वर न करता विचारलं, "अप्पा, उंदीर कात्रीनें कुरतडतात का हो?"

आतोबांनी छताकडे पाहिलं. "तंजावूरचे असतील तर," ते म्हणाले, "कांहीं सांगतां येत नाहीं." आणि उपरण्यानं चष्मा पुसायला लागले. चष्मा कपाळावर होता, पुसत होते डोळे.

परत जायच्या दिवशी आतोबांनीच तिला स्टेशनवर सोडलं. चार वाजलेले, उन्हानं रस्ता पांढरा झालेला, आणि गाडी गल्लीतून निघाली ती सगळे दिवे लावून. मी मागच्या सीटवरून म्हणालो, "आतोबा, दिवे चालू राहिलेत. अजून ऊन आहे." सगुणा हसली.

"असूं दे रे," आतोबा म्हणाले. "तिनें केलेलें तिला दिसूं दे."