घरातून गेलेला रस्ता

"कोणाच्या घरातून चाललात, बाबू?"

मी दचकून थांबलो आणि हात जोडून म्हणालो, "माफ करा, दार दिसलं नाही." मग आजूबाजूला पाहिले. धान कापून नेलेली मोकळी बांधी होती. घर सोडा, साधे कुंपणही नव्हते. रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून म्हणून मी गोंदियाला नुकताच आलो होतो आणि आल्या आल्या रिकाम्या शेताची माफी मागून मोकळा झालो होतो.

विचारणारे काका शेताच्या धुऱ्यावर उभे होते. घराणे कामठ्याकडचे, बापजादे तलाव बांधणारे. यांचे शेत मात्र नेमके रुळांच्या शेजारी आले होते.

"आता नाही दिसून राहिलं," ते म्हणाले, "पण लोकं येऊन राहिले ना! उद्या घरं होतीन इथं. इकडून या. हा रस्ता होय." आणि ढेकळांवरून लांबचा वळसा घालून त्यांनी मला नेले.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. घरचेच त्याला आधी वेडा ठरवतात. शेतात पाण्याला वाट सोडावी तशी काका माणसांना सोडत. छत्तीसगढकडून मजूर यायचे. काका त्यांना झोपडीपुरती जागा द्यायचे, पण होणाऱ्या रस्त्याच्या कडेला दोरी धरून.

"ओसरी आत घे वो बाई. दोन बंड्या सामोरासमोर आल्या तं भांडण कायले?"

बैलबंडी मुळात एकही येत नसे. मी हसायचो.

मग रेल्वेची छोटी लाईन गजबजली, गिरण्यांची धुराडी धानाच्या शेतात उगवू लागली, आणि एके सकाळी त्याच रस्त्याने नव्या राइस मिलचा बॉयलर निघाला. एवढे लोखंड मी मालधक्क्यावरही पाहिले नव्हते. बैलांच्या जोड्या एकीपुढे एक जुंपलेल्या, माणसे ओरडतायत, आणि वळणावर सगळे अडले. एकीकडे मजुरांच्या झोपड्या. दुसरीकडे काकांच्या वडिलांनी बांधलेल्या मातीच्या घराचा कोपरा.

मिलचे मुनीम म्हणाले, "काका, झोपड़ियाँ हटवा दो. शाम को फिर बाँध लेंगे."

झोपड्यांतल्या बाया निमूटपणे भांडी उचलू लागल्या.

"ठेवा खाली!" काका म्हणाले. "त्याइचे घर दोरीत हायेत. माझंच बाहेर हाय."

"अहो, वडिलांच्या हातचं घर ते," मी म्हणालो.

"मंग? बाबानं का रेल्वेले पुसून बांधलं होतं?"

त्यांनी लोखंडी सब्बल मागवली. पहिला घाव घालण्याआधी तळहात भिंतीवर ठेवला. आत देवघर होते. देव त्यांनी स्वतः उपरण्यात बांधून घेतले. मग माती बदाबदा खाली आली, आणि त्या खोलीच्या जागेवरून तो बॉयलर हत्तीसारखा डुलत गेला. काका धुळीने पांढरे झालेले, तोंड उघडे ठेवून बघत होते. मीही. आपल्या डोळ्यांसमोरून एक शहर चालत गेले, असे मला वाटले.

पुढे रहदारी वाढली तसे उरलेले घरही काकांनी भिंतीभिंतीने देऊन टाकले आणि मागे एका खोलीत राहिले.

परवा ते गेले. तिरडी रस्त्यावर आली तेव्हा दोन्हीकडच्या बंड्या थांबल्या, हमालांनी पाठीवरची पोती खाली ठेवली. इतका मोठा रस्ता एवढा शांत मी कधी पाहिला नव्हता.

घरी येऊन आंघोळ केली आणि बायकोला म्हणालो, "पोरांना एकदा नेतो. काकांचं घर कुठं होतं ते उभं राहून दाखवतो."

ती इथलीच. म्हणाली, "दाखवा. पण कडेनं उभे राहा. त्याइच्या घरात उभं राहिलं तं लोकायची वाट अडते."