तुले अध्यक्ष केलं कोनं?

दिल्लीच्या एका फाउंडेशनकडून आमच्या सौसरच्या केंद्राला अनुदान मिळणार की केंद्राला कुलूप लागणार, हे सगळं एका पाहुण्यावर येऊन ठेपलं होतं. ऐंशीनंतरची वर्षं ती. कापूस वेचणाऱ्या बायांना सरकारी दरानं मजुरी मिळावी म्हणून आम्ही भांडायचो. अध्यक्ष अर्थातच मी. बी.ए. झालेली दुसरी होतीच कोण? अर्जात ‘लोकशाही आणि सामाजिक न्याय’ असं झोकात लिहिलं होतं तेही मीच.

फाउंडेशनचे साहेब तपासणीला येणार म्हटल्यावर बायांनी मुलगी दाखवायचा कार्यक्रम असावा तशी तयारी केली. सडा, ठेवणीतली लुगडी, तर्रीचे पोहे, टोपलीभर संत्री! साहेब पांढुर्ण्याला रेल्वेतून उतरून बसनं आले, पोहे खाल्ले आणि वही उघडून म्हणाले, “आप लोगों को क्या तकलीफ़ है?”

“काईच तरास नाई जी,” पहिली पदर सावरत म्हणाली.

“मालक लय चांगला आहे,” दुसरी म्हणाली.

पाहुण्यासमोर घरचं दुखणं काढायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी डोळे वटारले, खोकले, काही उपयोग नाही. साहेबांनी वही मिटली. गेलं केंद्र!

“तुम्हाला बोलताच येत नाही!” मी ओरडलेच. “थांबा, मीच सांगते.”

झालं! रामाकोन्याहून येणाऱ्या म्हातारीनं चहाची बशी आपटली. “तू कोन वं आमचं सांगनारी? तुले अध्यक्ष केलं कोनं? आमाले इचारलं का?”

“नाई इचारलं!” सगळ्या एका सुरात.

मग कोणी थांबेना. मालक अर्धीच मजुरी देतो, मुकादम वजनात मारतो, आणि ही ताई मीटिंगमध्ये तोंड उघडू देत नाही! मालक, मुकादम आणि मी, एकाच रांगेत! मला इतकं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं. साहेब भराभर लिहीत होते.

अनुदान मंजूर झालं, पण समिती निवडून आलेली हवी, या अटीवर. आम्ही वाट्या मांडल्या, त्यांत सरकी टाकून मतदान केलं. म्हातारीची वाटी भरून सांडली. माझ्या वाटीत एकच सरकी होती, तीही माझीच. इतक्या आनंदानं हरलेलं माणूस सौसरात दुसरं नसेल.

नव्या अध्यक्षबाई ऐटीत खुर्चीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, “बस खाली. आता आमी सांगून राहिलो, तू आयक.”