पहिल्या बाकावरच्या सत्यवतीबाई

“माशी होती, मार्तंड. नाकावर बसली, मी पदरानं हाकलली.”

“पदर झटकला म्हंजे ‘आटप’. तुमीच शिकवलं, बाई. मी आटपलं.”

“पोरगं डुकरायमंधी असताना?”

“मले काय माहीत, माशी येऊन राहिली म्हणून?”

“तिकडं बाप वाट पाहून राहिला, न् तू आमेन म्हणून मोकळा. लोकं घरी येऊन मले विचारतात, त्या पोराचं मंग काय झालं?”

चर्चमागच्या पाळकांच्या खोलीत, उपासनेची घंटा व्हायच्या आधी हे चाललं होतं. साल चौऱ्याहत्तर. संडे स्कूल चालवता चालवता सत्यवतीबाईंनी आमच्या मंडळीतले कितीतरी उपदेशक घडवले. पद्धत एकच. आपण पहिल्या बाकावर बसायचं आणि तिथून माणूस हाकायचा. हातपंखा वर केला की आवाज चढव. चष्मा काढला की भरकटलास. पदर झटकला की आटप. शब्द अडला तर बाई ओठ हलवून पुरवायच्या, त्यामुळे अर्धे लोक व्यासपीठाकडे बघतच नसत. एकदा बाईंना ठसका लागला. ठसक्याची खूण कोणती, हे व्यासपीठावर उभ्या असलेल्या रुपरावला काही केल्या आठवेना. बिचाऱ्यानं गुडघे टेकले. मग सगळ्या मंडळीनंच टेकले.

मार्तंड गांधीबागेत कापडाच्या दुकानात कामाला. दिवसभर गिऱ्हाइकांपुढे अखंड बोलायचा. व्यासपीठावर मात्र बाईंच्या हाताकडे बघत उभा. गेल्या रविवारी उधळ्या पुत्राचा दाखला सांगत होता. मुलानं बापाचा पैसा उडवला, उपाशीपोटी डुकरं राखायला लागला, आणि माशी आली. मुलगा घरी परतलाच नाही. आज तोच दाखला ऐकायला मंडळीचे पंच येऊन बसले होते. पसंत पडला तर मार्तंडला पाळकाच्या शिक्षणाला पाठवणार, नाही तर जन्मभर दुकानात लठ्ठा फाडत बसायचं.

“आज तुमी मागं बसा,” मार्तंड म्हणाला.

“किती मागं?”

“दारापाशी.”

“तिथून तुले माहा हात दिसन काय?”

“म्हणूनच म्हणतो.”

“रुपराव असं कधी बोलला नाही गा मले.”

“रुपराव अजून गुडघ्यावरच हाय, बाई.”

बाईंना हसू आलं. ते त्यांनी पदरात दाबलं. मार्तंड दचकला, हातातलं बायबल मिटणार होता, पण सावरला.

“पाह्य,” बाई म्हणाल्या, “आत्ताच घाबरला. मी मागं बसली न् तू मधातच अडकला, तं कोणाकडं पाह्यशीन?”

घंटा झाली. मार्तंडनं सदरा सारखा केला, “दारापाशी, बाई,” म्हणाला आणि मंडळीसमोर निघून गेला.